टीप कुठे, धावदोरा कुठे

बचत गटाच्या स्टॉलवर गोधडी उलटीपालटी करून पाहणारे गिऱ्हाईक हमखास एक प्रश्न विचारते: हाताची की मशीनची? ‘हाताची’ म्हटले की घासाघीस सुरू होते, ‘मशीनची’ म्हटले की गोधडी घडी मोडलेल्या अवस्थेत तिथेच राहते आणि गिऱ्हाईक लोणच्यांकडे वळते. खरे उत्तर बहुतेक वेळा ‘दोन्हींची’ असे असते, पण तेवढे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलाच्या जिल्ह्यांपुरता हा प्रश्न जरा नीट मांडायला हवा. चांदणी, षटकोनी फूल, चक्र असे गुंतागुंतीचे चौकोन चिंध्या जोडून करायचे, तर त्यातले काय मशीनवर जावे, काय हातात राहावे, आणि त्यासाठी इथल्या बायांजवळ आज काय आहे, काय नाही?

आधी इथले कापड पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला, पण पांघरुणांच्या बाबतीत रेघ तिथून जात नाही. वरोरा, भद्रावती, चिमूर हा कापसाचा मुलूख. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी हा धानाचा. या दोन्ही पट्ट्यांत लुगडी आणि धोतरे विरायची, त्यांची वाकळ व्हायची. दक्षिणेला भामरागड-एटापल्लीकडे गोष्टच वेगळी होती. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा माडिया माणसांच्या अंगावरचे अपुरे कापड पाहून प्रकाश आमट्यांनी बनियन आणि अर्धी चड्डी एवढाच वेश पत्करला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जिथे अंगावरच कापड नव्हते, तिथे जुन्याची गोधडी कुठून होणार? थंडीला तिथे शेकोटी होती. त्यामुळे ‘पारंपरिक आदिवासी गोधडी’ अशी चिठ्ठी लावून शहरात माल विकण्याचा कुणाचा बेत असेल, तर त्याने जरा दमाने घ्यावे.

मात्र या दोन जिल्ह्यांत धावदोऱ्याची जेवढी घराणी शेजारी-शेजारी नांदतात, तेवढी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. शेतकरी घरांची वाकळ आहेच. राजुऱ्यापलीकडे जिवतीच्या डोंगरावर मराठवाड्यातून येऊन वसलेली बंजारा आणि इतर कुटुंबे आहेत. बंजारा बायांचा टाका बारीक, रंग भडक आणि हात कवड्या-आरशांना सरावलेला. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे वसवली गेली, आणि बंगाली घर म्हटले की कांथा आलाच: मऊ झालेल्या साड्यांचे थर आणि त्यांवरून तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांत बोंत शिवतात. कोरची-कुरखेड्याच्या छत्तीसगडी शेजारात कथरी. हे सगळे एकाच टाक्याचे भाऊबंद आहेत, आणि तरी या बाया एकमेकींचे काम क्वचितच पाहतात. मुलचेऱ्याची बाई आणि जिवतीची बाई एका छपराखाली बसवली, तर काय घडेल हे अजून कोणी नीट करून पाहिलेले माझ्या ऐकिवात नाही.

आता अडचणीचा मुद्दा. आपली गोधडी चौकोनांची नसते. तिचे शास्त्र असे: खाली एक धड कापड, मध्ये जुन्याचे थर, वर ठिगळांची मांडणी, आणि सगळे एकदमच धावदोऱ्याने बांधत जायचे, कधी सरळ ओळींनी, कधी काठापासून फेऱ्या घेत मध्यापर्यंत. ठिगळ जोडणे आणि थर बांधणे या दोन गोष्टी तिथे एकाच टाक्यात उरकतात. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायांची ‘कवंदी’ याचा उत्तम नमुना आहे. कोपऱ्यातून सुरुवात, कडेकडेने फिरत ठिगळे वाढवत जायचे आणि शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची ‘फुले’. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी त्यांच्यावर बरेच काम केले आहे. महाराष्ट्राच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचे पुस्तक २०१३ मध्ये निघाले, तेही एका फ्रेंच प्रकाशनाकडून. आपल्या मराठी प्रकाशकांनी या विषयाला हात घातल्याचे माझ्या पाहण्यात नाही, याचे मला नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटते.

चौकोनाची पद्धत निराळी. त्यात खाली आधाराला कापड नसते. तुकड्याला तुकडा कडेने जोडायचा, अशा जोडांतून एक चौकोन पुरा करायचा, चौकोनाला चौकोन जोडून वरचा पदर तयार करायचा आणि मग थर बांधायचे. दोन कामे स्वतंत्र झाली, म्हणून दोन हत्यारेही स्वतंत्र होऊ शकतात. हाताच्या आणि मशीनच्या मिश्रणाची सगळी मुभा या एका गोष्टीतून येते. इंग्लंडात तुकडे जोडून केलेले तारीखवार पांघरूण १७१८ सालचे जपलेले आहे. त्यात कागदाच्या साच्यावर रेशमाचे तुकडे दुमडून हाताने जोडलेले आहेत. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेन स्टिकल या बाईने १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, एक गोधडी पुरी केली. साडेचार इंची १६९ चौकोन, कडेचे त्रिकोण वेगळे, आणि एकंदर तुकडे ५,६०२. एकाही चौकोनाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही. ती बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे आणि जगभरच्या हौशी बाया आजही तिच्या नकला करतात. गंमत म्हणजे तोवर शिलाई मशीन निघून बरीच वर्षे झाली होती. होवचे पेटंट १८४६ चे, सिंगरचे १८५१ चे. त्या काळी घरात मशीन असणे ही मिरवायची बाब होती आणि काही बाया मुद्दाम गोधडीवर मशीनची टीप दिसेल अशी मारत. ‘हाताचे तेच खरे’ हा आग्रह पुढे आला, मशीन घरोघर पोचल्यावर. अलाबामातल्या गीज बेंड गावच्या कृष्णवर्णी बायांच्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. त्यांतल्याही कितीतरी तुकड्यांना मशीनची टीप आणि थरांना हाताचा टाका आहे, आणि त्यामुळे त्यांची किंमत तसूभर कमी झालेली नाही.

आपल्याकडे मशीनला खुद्द गांधीजींची परवानगी होती. १९२४ मध्ये यंत्रांविषयीच्या चर्चेत त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला: बायकोच्या हाताचे कष्ट पाहून माणसाने हे यंत्र केले, असा त्यांचा भाव होता. (सिंगरच्या चरित्राशी तो फारसा जुळत नाही, पण ते असो.) १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ काढली आणि मशीन शिंप्याच्या ओट्यावरून घरात शिरले. आज गावोगाव दिसते ते काळे, पायाने चालवायचे, एकच सरळ टीप मारणारे मशीन. आपल्या विषयाला याहून चांगले मशीन नाही, हे मी ठासून सांगेन. एक तर त्याला वीज लागत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते आणि वीज कधी येईल याचा नेम नसतो. तिथे नक्षीच्या दोनशे टिपा मारणाऱ्या विजेच्या मशीनचा काय उपयोग? दुसरे, पायमशीन एक-एक टाक्याने चालवता येते. चाकावर हात ठेवून सुई नेमक्या खुणेवर थांबवता येते, आणि गुंतागुंतीच्या चौकोनात कौशल्य कुठे लागत असेल तर ते थांबण्यात.

आता प्रत्यक्ष शिवणीकडे येऊ. चौकोनाचे गणित मायेवर, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या कडेवर, उभे असते. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची, म्हणजे सुताराच्या मापात दोन सूत. दोन इंची चौकडा हवा तर अडीच इंचाचा कापायचा. मशीनवर ही माया कापडाच्या कडेवरून मोजली जाते, आणि तिथेच घात होतो. एका ओळीत आठ चौकडे आहेत, म्हणजे सात शिवणी. प्रत्येक शिवण अर्धे सूत जास्त खोल गेली, तर दोन्ही कडांचे मिळून शिवणीमागे एक सूत खाल्ले जाते. सात शिवणींत सात सूत. सोळा इंचांची ओळ पंधरा इंच एक सुतावर येऊन बसते आणि शेजारच्या ओळीशी तिचा एकही जोड जुळत नाही. ब्लाउज शिवताना एवढा फरक अंगावर कुठेतरी मुरतो. चौकोनात त्याला लपायला जागा नसते. यावर उपाय साधा आहे: सुईपासून नेमके दोन सूत अंतरावर मशीनच्या पट्टीवर एक चिकटपट्टी लावायची आणि कापड तिला घासून चालवायचे. पण ती पट्टी लावण्याआधी फाटक्या कापडावर चार टिपा मारून मोजून पाहायला हवे, कारण जुन्या मशीनची सुई मधोमध असेलच असे नाही.

हाताने जोडताना उलटे असते. कापडाची कड कशीही असो, टाका ज्या रेघेवर पडायचा ती रेघच पेन्सिलीने आखायची. दोन तुकडे समोरासमोर धरून टाचणी एका रेघेच्या टोकातून घालायची आणि दुसऱ्याच्या टोकातून काढायची, मग इंचाला आठ-दहा टाक्यांनी शिवत जायचे. सुरुवातीला आणि शेवटी एक-एक टाका मागे घ्यायचा. महत्त्वाचे हे की शिवण रेघेच्या टोकालाच संपते, मायेत शिरत नाही. मशीनची टीप कडेपासून कडेपर्यंत जाते, हाताची खुणेपासून खुणेपर्यंत. एवढ्याशा फरकावर सगळी विभागणी ठरते.

आठ पाकळ्यांची चांदणी घ्या. जाड कागदाचा चौकोन, लग्नपत्रिकेचा चालतो, एकदा अर्धा, पुन्हा अर्धा आणि मग कर्णात दुमडला की पंचेचाळीस अंशांचा कोन हातात येतो. त्यावरून शंकरपाळ्याच्या आकाराचा साचा कापायचा. असे आठ तुकडे मध्यबिंदूला भेटतात. प्रत्येक कोनात एक अंश कमी पडला तर आठ मिळून आठ अंशांची खोट येते आणि चांदणी टोपीसारखी फुगते. एक अंश जास्त झाला तर कडेला झालर उठते. इस्त्रीने ती बसत नाही, दाबली तर सुरकुती पडते. आता शिवण. मशीनवर आठही जोड मध्यापर्यंत नेले की तिथे सोळा पदर एकावर एक येतात. सुई अडते, वाकते, कधी मोडते, आणि नाही मोडली तरी मधोमध एक गाठ राहते जी पांघरताना गालाला लागते. हाताने काम करणारी बाई मध्यबिंदूशी पोचल्यावर माया खाली शिवत नाही, बाजूला सारते, सुई फक्त आठ टोकांतून ओवते आणि दोरा ओढते. मग उलट बाजूला सगळ्या माया भिंगरीसारख्या एकाच दिशेने फिरवून बोटाने दाबल्या की जाडी वाटली जाते. चांदणीच्या आठ खाचांत चार चौकडे आणि चार त्रिकोण बसवायचे असतात. तिथे शिवणीला कोपऱ्यात वळावे लागते. मशीनवर ते होते, नाही असे नाही. दोन सूत आधी थांबा, सुई कापडात ठेवा, पाय उचला, कापड फिरवा. पण आठपैकी सहा कोपरे साधले आणि दोन चुकले तर उसवण्यात जी दुपार जाते, तेवढ्यात हाताने आठही बसतात. म्हणून माझे मत असे: पाकळ्या दोन-दोन जोडण्यापर्यंत मशीन, मध्य आणि खाचा हाताने. मोठी चांदणी असेल, जिची एक-एक पाकळी लहान शंकरपाळ्यांची बनते, तर रंगीत पट्ट्या मशीनवर लांबच्या लांब जोडून त्या तिरक्या कापाव्यात. पट्ट्यांची सरळ टीप हे मशीनचे हक्काचे काम. तिथे हात झिजवणे हा निव्वळ हट्ट आहे.

तिरके कापले की उरेब आली. उभ्या-आडव्या धाग्याने कापलेली कड ताण सहन करते, उरेब कड नुसत्या हाताळण्याने लांबते. मशीनखालचे दाते खालचे कापड पुढे ओढतात, वरचा पाय वरचे कापड मागे रेटतो, आणि उरेब कडा असल्या तर दहा इंचांत दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतात. हातात हे होत नाही, कारण बोटांना ताण कळतो. उलट जिथे अणकुचीदार टोके हवीत, सोळा काट्यांचे चक्र किंवा सूर्य, तिथे मशीन हातापेक्षा सरस ठरते, पण कागदावर. नक्षी कागदावर आखायची, कापडाचे तुकडे कागदाच्या कोऱ्या बाजूला क्रमाने ठेवायचे आणि आखलेल्या रेघेवरून कागदासकट टीप मारायची. टीप बारीक, इंचाला सोळा-अठरा टाके, म्हणजे नंतर कागद तिकिटासारखा फाटतो. उरेब कड कागदाला शिवली गेल्याने ताणली जाण्याची बातच नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते. आणि प्रत्येक तुकडा आधीच्याच्या कडेला सरळ रेघेनेच लागू शकतो. खाच आली की पद्धत हात टेकते आणि चौकोनाचे भाग पाडावे लागतात. बल्लारपूरला कागद गिरणी असलेल्या जिल्ह्यात कागदाची वानवा नाही. शाळेच्या जुन्या वह्या उत्तम, वर्तमानपत्र टाळावे, शाई पांढऱ्या कापडाला लागते. चक्राचे काटे असे कागदावर मशीनने करावेत, मधली टिकली वरून तुरपून बसवावी, आणि पुरे झालेले चक्र पार्श्वभूमीच्या गोल भोकात हाताने घालावे. गोलाची वळणदार शिवण मशीनवर साधणाऱ्या बाया आहेत, पण त्या सरावाच्या. नवशिकीला ती देऊ नये.

षटकोनी फुलांच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक जोडाला कोपरा, प्रत्येक कोपऱ्याला तीन तुकडे. कागदी षटकोनावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, दोन षटकोन सुलट बाजूंनी समोरासमोर धरून कडा बारीक टाक्यांनी शिवायच्या, सहाही बाजू भरल्या की कागद काढून घ्यायचा. हे काम हातातच शोभते, आणि ते मांडीवर, बसस्टँडवर, धानाच्या राखणीला बसल्या-बसल्या होते. त्याचा हा गुण शहरी पुस्तकांत ‘छंद’ म्हणून येतो. इथे तो वेळेच्या हिशेबाचा भाग आहे. मोहफुले आणि तेंदूच्या हंगामात, रोवणीत आणि कापणीत मशीनसमोर सलग दोन तास कुणालाही मिळत नाहीत. पिशवीतले षटकोन मात्र सोबत जातात.

थर बांधण्याच्या बाबतीत निकाल आणखी स्वच्छ आहे. घरगुती पायमशीनच्या कमानीतून चार-सहा थरांची गुंडाळलेली गोधडी फिरत नाही, आणि फिरवली तरी वरचा पदर सरकून खालच्यावर चुण्या पडतात. थर हातानेच बांधावेत. पण इथे परंपरेलाही थोडी मुरड घालावी लागेल. वाकळीत आपण सहा-सात पदर घालतो आणि दाभणाने मोठा टाका घेतो. तुकड्यांच्या चौकोनात आधीच मायांची दाटी असते. त्यावर तेवढेच थर घातले तर बारीक टाका जातच नाही आणि नक्षी बोजड अंथरुणात बुडून जाते. आत एकच, फार तर दोन पदर मऊ जुन्या सुती लुगड्याचे, आणि धावदोरा शिवणीपासून दोन सूत अंतर राखून. बंगाली कांथ्याचे हेच प्रमाण आहे, म्हणून मुलचेऱ्याकडून शिकायचे ते हे.

सुती लुगडे म्हटले खरे, पण ते आणायचे कुठून? या सगळ्या विषयाची खरी गोम इथे आहे. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी विदर्भाला स्वस्त सुती कापडाची सवय लावली. त्या गेल्या, आणि घरातली जुनी साडी आता पॉलिएस्टरची असते. ती चांगली विरत नाही, घाम टिपत नाही, बोटाने दाबलेली घडी धरत नाही, आणि गरम इस्त्री लागली की आक्रसते. तिच्या उरेब कडेवर टीप मारणे म्हणजे पाण्यावर रेघ ओढणे. मिश्र कापडाच्या चौकोनातही गडबड होते: सुती तुकडा धुतल्यावर आटतो, पॉलिएस्टरचा आटत नाही, आणि दोघांच्या मधली शिवण गोळा होते. दोऱ्याचेही तसेच. टणक पॉलिएस्टर दोरा जुन्या मऊ सुताला घातला तर दोरा टिकतो आणि कापड तुटते. शिंप्याच्या दुकानातली कातरण हा एक मार्ग आहे, पण ती निवडून, धुऊन, आटवून घ्यावी लागते आणि लाल रंग आधी पाण्यात टाकून पाहावा लागतो.

या दोन जिल्ह्यांचे असे खास कापड एकच, आरमोरीचा कोसा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पाळायच्या, कोश काढायचे, हे काम इथला ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. कोशाचे सूत, त्याचे कापड आणि त्या कापडाची कातरण एकाच तालुक्यात मिळू शकते. चौकोनासाठी कोसा देखणा, पण कापल्याबरोबर त्याची कड सुटू लागते. दोन सूत माया शिवेपर्यंत दीड सूत उरते. त्याला खळ द्यावी. धानाच्या मुलखात तांदळाची पेज घरोघर असते. पातळ पेजेत तुकडा बुडवून, सावलीत वाळवून, दमट असतानाच इस्त्री केली की कोसा कागदासारखा कडक होतो आणि रेघेबरहुकूम कापता येतो. कोसा आणि सुती एकाच चौकोनात घालायचे असतील तर मशीनवर कोसा खाली, सुती वर ठेवू नये. दाते कोशाला ओरबाडतात.

प्रशिक्षणाकडे वळल्यावर चित्र फार उत्साहाचे नाही. शिलाई मशीन वाटप हा आपल्याकडचा एक आवडता सरकारी आणि निमसरकारी सोहळा आहे. मशीन मिळते, हार-तुरे होतात, आणि अभ्यासक्रमात ब्लाउज, पेटीकोट, शाळेचा गणवेश. हे पोटापाण्याचे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हाताचा टाका त्यात शिकवण्याजोगा मानलाच जात नाही. तो ‘बायांना येतोच’ असे गृहीत धरतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. तिच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या शेजारी वर्ध्यातच झाला. अठरांत शिंपी आहे, माळा करणारा आहे, मासेमारीची जाळी विणणाराही आहे. गोधडी शिवणारी नाही. तिला शिंपी म्हणून नाव नोंदवावे लागेल, म्हणजे पुन्हा मशीन आणि ब्लाउज. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूसाठी सरकारने स्वतंत्र संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभारले, ते योग्यच झाले. कापडाच्या तुकड्यांसाठी तेवढी इमारत नको. चांगले आखलेले साचे, दोन सुतांची पट्टी लावलेली चार पायमशीन आणि टाके मोजून घेणारी एक खमकी बाई एवढ्यावर सुरुवात होते. गटात बहुधा सुना-मुली मशीनवर बसतात आणि सासवा-आया धावदोरा घालतात, कारण एकींनी कोर्स केलेला असतो आणि दुसरींच्या बोटांना अंदाज असतो. ही वाटणी कुणी ठरवून दिलेली नाही, पण वर सांगितलेल्या तंत्राला ती चपखल बसते. आणि मागणीचे म्हणाल, तर चेन्नईला २०१९ मध्ये गोधड्यांचा मोठा उत्सव भरला होता, शहरांतले छंदवर्ग तर भरभरून चालतात. हे काम पाहणारे आणि विकत घेणारे लोक आहेत, हे त्यावरून दिसते.

शेवटी दराचा हिशेब, कारण तो कोणी करत नाही. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी धरा. धावदोऱ्याच्या ओळी पाऊण इंचावर घातल्या तर चौसष्ट ओळी होतात, प्रत्येकी सहा फुटांच्या, म्हणजे एकूण ३८४ फूट. इंचाला तीनच टाके धरले तरी १३,८२४ टाके. थरांतून मिनिटाला दहा टाके पडतात असे मानले तर तेवीस तास, आठ तासांच्या दिवसाने जवळजवळ तीन दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने नुसत्या धावदोऱ्याची मजुरी सुमारे ८५५ रुपये झाली. यात कापड नाही, दोरा नाही, कापणे नाही, एकही चांदणी नाही. मशीनने जोडणीचे तास वाचवले तर ते या बाजूला घालता येतात, एवढाच मिश्र पद्धतीचा व्यवहारी अर्थ आहे. तेव्हा स्टॉलवर गोधडी उलटून पाहताना हाताची की मशीनची हे जरूर विचारा, पण आठशेच्या आत मागितलीत तर धावदोरा फुकट मागता आहात, हे ध्यानात असू द्या.